बाकावरच्या मुलांनाही खेळवा

पिंपरी-चिंचवड, खडकी आणि पुण्यातील हॉकीप्रेमी नागरिक, पालक, प्रशिक्षक व स्पर्धा-आयोजक यांस,

नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर आणि शाळाशाळांच्या मैदानांवर यंदाही लहान मुलामुलींचे सामने होतील. आणि यंदाही काही मुलं शिनगार्ड बांधून, स्टिक मांडीवर आडवी ठेवून शेवटच्या शिट्टीपर्यंत बाकावरच बसतील. यंदा हे बदलावं, यासाठी हे आवाहन.

हॉकीत याला नियमाची सबब नाही. क्रिकेटमधल्या बाराव्या गड्याला बॅट हातात घेता येत नाही, त्याला इलाज नाही. हॉकीत मात्र हवे तितक्या वेळा खेळाडू बदलता येतात आणि बाहेर आलेला पुन्हा आत जातो. पेनल्टी कॉर्नर मिळाल्यापासून तो पुरा होईपर्यंत तेवढी बदलाला मनाई; तिथेही बचाव करणाऱ्या संघाचा गोलकीपर जखमी झाला तर सूट. म्हणजे एखादी मुलगी अख्खा सामना बाकावर बसली, तर तिला नियमाने बसवलेलं नसतं, आपल्यापैकीच कोणीतरी बसवलेलं असतं.

जरा हिशेब मांडू. पंधरा मिनिटांची चार सत्रं, म्हणजे साठ मिनिटं. गोलकीपर सोडून मैदानात दहा जण, म्हणजे वाटायला एकूण ६०० मिनिटं. अठरा जणांच्या संघात दोन गोलकीपर धरले तर उरले सोळा. समान वाटणी केली तर प्रत्येकाला साडेसदतीस मिनिटं येतात. आम्ही तेवढीही मागत नाही. चौदा वर्षांखालील सामन्यांत प्रत्येकाला निदान एका सत्राइतका वेळ मिळावा, एवढंच मागणं आहे. सामना लहान असेल तर त्याचा चौथा हिस्सा.

‘चांगला खेळतो तोच खेळेल’ हे एकोणीस वर्षांखालील अंतिम सामन्यात मान्य. पण तेराव्या वर्षी चांगला कोण, हे बरेचदा जन्मतारीख ठरवते. वयोगटाची रेषा १ जानेवारीला आखली, की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. तो उंच असतो, त्याचा फटका जोरात बसतो, म्हणून तो खेळतो. खेळतो म्हणून सुधारतो. धाकटा मागे पडतो आणि दोन वर्षांनी ‘याला हॉकीत रस नाही’ म्हणून शिकवणीला बसवला जातो.

प्रशिक्षकांची अडचण आम्हाला कळते. सामना हरला की पहिला जाब पालकच विचारतात. ‘माझ्या मुलाला का नाही घेतलं’ हेही तेच विचारतात, आणि शेजारच्याला आत पाठवलं की ‘त्याला बाहेर काढा’ असं रेषेबाहेरून ओरडतातही तेच. पालकांनो, ते आधी बंद करू. सरावाला दांडी मारणाऱ्याचा वेळ प्रशिक्षकांनी जरूर कापावा, पण हे मोसमाच्या सुरुवातीलाच मुलांना सांगून ठेवावं. सामन्याच्या सकाळी कळलेली शिक्षा कुणालाच पटत नाही.

दुसऱ्या गोलकीपरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पॅड, किकर, हेल्मेट चढवून उन्हात बसायचं, आणि पहिल्या गोलकीपरला दुखापत झाली तरच उठायचं. हे पोर आतून काय प्रार्थना करत असेल? साखळी सामन्यांत मध्यंतरानंतर गोलकीपर बदला. चार गोल जास्त बसतील, बसू देत.

आयोजकांनी आणि चषक देणाऱ्या मंडळांनी मनावर घेतलं तर हे सगळ्यांत लवकर होईल. उद्घाटनाच्या भाषणात धनराज पिल्ले आपल्या खडकीचे, हे आपण दरवर्षी ऐकतो. यंदा भाषण थोडं आखडतं घ्या आणि स्पर्धेच्या नियमावलीत किमान वेळेचं एक कलम घाला. नियम सर्वांना सारखा असला, की कुठल्याच प्रशिक्षकाला ‘मी खेळवलं आणि समोरच्याने नाही’ अशी धास्ती राहणार नाही.

कलम कागदावर राहू नये म्हणून प्रत्येक संघाच्या एका पालकाने वही आणि घड्याळ घेऊन बसावं. कोण कधी आत गेलं, कधी बाहेर आलं, एवढंच टिपावं आणि सामना संपल्यावर ते पान गुणलेखकाकडे द्यावं. हे काम करायला तयार असलेल्यांनी पहिल्या सामन्याआधी आपापल्या संघाच्या व्यवस्थापकाकडे नाव नोंदवावं.

आपला,
एक जुना खेळाडू आणि पालक