शक्ती खलनायकालाच द्या

चित्रकथेबद्दल दोन मतं सर्रास ऐकू येतात. अलौकिक खलनायक नसेल तर मुलं पान उलटत नाहीत, हे एक. समाजसुधारणेच्या इतिहासात असला खलनायक मिळत नाही, तिथे नुसते ठराव, सभा नि खटले. म्हणून महाडच्या सत्याग्रहाची चित्रकथा म्हणजे धड्याला चिकटवलेली चित्रं, हे दुसरं. पहिलं मला मान्य आहे. दुसरं मात्र दासगावच्या बंदरावर उभं राहून कुणी म्हणून दाखवावं.

२५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि मुंबईचे सत्याग्रही ‘पद्मावती’ बोटीने याच बंदरात उतरले आणि महाडकडे निघाले. सामना कुणाशी होता? नऊ महिन्यांपूर्वी, २० मार्चला, अस्पृश्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीने प्यायलं होतं. गुरांनी त्यात तोंड घातलेलं चालत होतं. या माणसांचा हात लागताच तळं बाटलं! मग शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ घागरी मंत्रांच्या घोषात तळ्यात बुडवल्या आणि पाणी शुद्ध झाल्याचं जाहीर केलं. सामना होता या विटाळाशी: डोळ्यांना दिसत नाही, स्पर्शाने पसरतो, मंत्राने उतरतो. याहून अलौकिक खलनायक कोणत्या लेखकाला सुचलाय? शिवाय हा कोर्टाची पायरीही चढतो. १४ डिसेंबरला त्याच्या बाजूने मनाईहुकूम निघालेला होता.

मग नायकालाही तशीच शक्ती द्या, असं कुणी म्हणेल. नको. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आठवा. ली फॉकने १९३६ मध्ये घडवलेला हा मुखवटेधारी तुमच्या-आमच्यासारखाच मर्त्य. बापामागून मुलगा तोच वेष चढवतो. अमरत्व असतं ते शत्रूंच्या डोक्यात. महाडला तर एकटा वीरही नव्हता. दासगावशी नातं असलेले रा. बा. मोरे महाडच्या परिषदेसाठी राबले. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे सोबत होते. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी ती दिली. यांना उडायला लावलंत तर त्यांनी पत्करलेला धोकाच पुसला जाईल.

विवेकवादी आंबेडकरांच्या गोष्टीत ही भुताखेतांची भाषा कशाला, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्याला उत्तर आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’ या २०११ च्या चित्रकथेने देऊन ठेवलंय. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी विखारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी लावली, साध्या माणसांच्या बोलण्याला पाखरांचा आकार दिला. भूत खरं आहे, असं ते म्हणत नाहीत. विष कुठून येतं, ते दाखवतात.

राहिला खटल्यांचा कंटाळा. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण मनाईहुकुमामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करावा लागला. पुढचे भाग कचेऱ्यांत चालले, ते १७ मार्च १९३७ पर्यंत. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवणारी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. अनादी म्हणवणाऱ्याकडे पुरावा मागितला जातो आणि त्याला तो देता येत नाही, हे पान कोणता चित्रकार हातचं जाऊ देईल?