बुद्धिबळाचा पट : देहलीदीपन्याय

बुद्धिबळाचे कूटप्रश्न सोडवितांना नवशिका बहुधा एकच विचार करतो : जोराचा घाव कोठें घालावा? परंतु घाव कितीहि जोराचा असला तरी तो एकटा असेल, तर त्याला एक उत्तर बहुधा सांपडतें. प्रतिपक्षास एका वेळीं एकच खेळी करण्याची मुभा असते. तेव्हां ज्या खेळीनें एकदम दोन धाक उत्पन्न होतात, तिच्यापुढें तो अगतिक होतो. उंबरठ्यावर ठेवलेला एकच दिवा माजघर आणि ओसरी दोन्ही उजळतो, यास आपले शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात. दुहेरी धाकाच्या कुटांत शोधावयाचा तो हा उंबरठाच होय.

वाचकांनीं पट मांडून घ्यावा. पांढरी बाजू आपल्याकडे धरून डावीकडून उभ्या स्तंभांस अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह हीं अक्षरें व खालून आडव्या ओळींस १ ते ८ हे आंकडे द्यावे. प्रथम एक सोपें उदाहरण घेऊं. पांढरा राजा ग१ वर व वजीर इ१ वर. काळा राजा ह७ वर व हत्ती अ८ वर. खेळी पांढऱ्याची. येथें शहामागून शह देत सुटणें व्यर्थ आहे. आधीं प्रतिपक्षाचें उणें पाहावें. हत्ती बिनजोर आहे आणि राजा उघडा आहे. आतां या दोघांपासून वजिराच्या वाटा मनांत ओढाव्या. ह७ पासून ग६, फ५, इ४ अशी एक तिरकी वाट निघते. अ८ पासून ब७, क६, ड५, इ४ अशी दुसरी. दोन्ही वाटा इ४ वर मिळतात, आणि आपला वजीर त्याच स्तंभांत उभा आहे. वजीर इ४ वर येतांच शह बसतो. हत्तीला मध्यें आडवें येतां येत नाहीं. राजा हलतो आणि हत्ती पडतो.

उत्तर लिहिण्यापूर्वीं मात्र दोन गोष्टी तपासाव्या. दोन्ही धाकांस पुरून उरेल अशी एखादी खेळी प्रतिपक्षाजवळ आहे काय? आणि उलट शह देऊन तो आपली खेळी हिरावून घेऊं शकेल काय? वरील उदाहरणांत एक धाक खुद्द शहाचाच असल्यामुळें काळ्यास तशी सवड मिळत नाहीं.

आतां खरी परीक्षा. रिचर्ड रेटी (१८८९–१९२९) हा खेळाडू १९२४ सालीं न्यूयॉर्कच्या स्पर्धेंत तत्कालीन जगज्जेता कापाब्लांका यास हरविल्यामुळें गाजला. पण त्याचें नांव चिरंतन केलें तें १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चार मोहऱ्यांच्या एका कुटानें. पांढरा राजा ह८ वर, प्यादें क६ वर. काळा राजा अ६ वर, प्यादें ह५ वर. पांढऱ्यानें प्रथम खेळून डाव बरोबरींत सोडवावयाचा आहे.

हें कूट मांडलें कीं जाणते खेळाडूहि 'डाव गेला' म्हणून पट आवरूं लागतात. त्यांचा हिशेब चुकलेला नसतो. काळ्या प्याद्यामागें धांवावें, तर पांढरा राजा दोन पावलें मागें पडतो. आपल्या प्याद्याच्या मदतीस जावें, तर काळा राजा दोन खेळ्यांत तें मारून मोकळा होतो. दोन्ही बेत निराळे मांडले तर दोन्ही निष्फळ ठरतात. परंतु ते निराळे मांडावे असें कोणीं सांगितलें?

कागदावर तिरकी रेघ सरळ रेघेहून लांब भरते. राजाच्या पावलांत मात्र तसें नाहीं. ह८ पासून ह५ पर्यंत जितकीं पावलें, तितकींच इ५ पर्यंत. म्हणून राजानें तिरकें निघावें. राजा ग७, काळें प्यादें ह४. राजा फ६. येथें काळ्यानें प्यादें ह३ वर रेटलें, तर राजा इ७ वर जाऊन आपल्या प्याद्यास वेळेवर गांठतो, आणि दोन्ही प्याद्यांचे वजीर होऊन बरोबरी होते. म्हणून काळा राजा ब६ वर येतो. आतां पांढरा राजा इ५! हाच तो उंबरठा. काळ्यानें क६ वरील प्यादें मारलें, तर राजा फ४ वर वळतो. काळें प्यादें ह३, राजा ग३, आणि पुढें तें प्यादें हातीं लागतें. काळ्यानें प्यादेंच ह३ वर पुढें केलें, तर राजा ड६ वर जातो. काळें प्यादें ह२, पांढरें क७, काळा राजा ब७, पांढरा राजा ड७, आणि दोहोंकडे वजीर होतात. गेलेला डाव सुटला!

पांढऱ्यानें दोन बेतांपैकीं एकाची निवड केलीच नाहीं. ती काळ्यास करावयास लावली, आणि त्यानें जो मार्ग अडविला त्याच्या उलट वाटेनें तो गेला. म्हणून 'डाव गेला' हा निकाल देण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा : हे दोन निराश बेत एकाच वाटेनें कांहीं पावलें बरोबर चालूं शकतात काय?

अभ्यासासाठीं यांतीलच एक शाखा वाचकांवर सोंपवितों. पांढरा राजा ग७ वर आल्यावर काळ्यानें प्यादें न हलवितां राजाच ब६ वर आणला, तर पांढऱ्यास फ६ हें एकच घर तारतें. तें कां, आणि ग६ वर जाऊन काळ्या प्याद्यास सरळ भिडलें असतां डाव कसा हातचा जातो, हें लहानथोरांनीं एकत्र बसून, मोहऱ्यांस हात न लावतां, मनांतल्या मनांत पडताळून पाहावें. उत्तर पुढील अंकीं.