पिल्लूच का हवे?

आपली दिवाळी एका जनावराच्या पूजेने सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला सवत्स धेनूची पूजा करावी असा परिपाठ. वाशीत गाय कुठून आणावी, म्हणून आम्ही पितळेचे नाहीतर मातीचे गायवासरू पाटावर मांडतो, हळदकुंकू वाहतो आणि चकल्यांच्या मागे लागतो. या पूजेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती एवढ्याचसाठी, की ज्या इमारतीत ही पूजा चालते तिच्याच जिन्याखाली बारा-तेरा वर्षांचे एखादे मांजर फटाक्यांच्या धसक्याने कान पाडून बसलेले असते, आणि गेल्या दिवाळीपर्यंत ते कुणाच्या दिवाणावर झोपत होते हे साऱ्या मजल्यांना ठाऊक असते.

गंमत अशी, की याच आठवड्यात त्याच इमारतीत एक नवे पिल्लूही येते! मुलाचा हट्ट, हातात आलेला बोनस, आणि मोबाइलवर पाहिलेले लांब केसांचे, चपट्या नाकाचे चित्र. हजारो रुपये मोजून पर्शियन पिल्लू घरात येते, शेजारपाजार पाहायला जमतो. जिन्याखालचे मांजर फुकट असते. ते मात्र कुणाला नको असते.

मी बालवाडीत शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. दोन्ही धंद्यांत पिल्लांचे कौतुक फार. भिंतीवरच्या तक्त्यातले मांजर कधी म्हातारे नसते. त्याच्या गळ्यात लाल फीत आणि पुढ्यात लोकरीचा गुंडा असायचाच. तेव्हा पिल्लांशी माझे काही वैर नाही. पण मांजर पाळायचे ठरले की पिल्लूच आणायचे, हा जो नियम आपण मुकाट्याने करून टाकला आहे, तो कुणी केला आणि का पाळायचा, एवढे विचारण्याचा हक्क मला असावा.

वाशीची गोष्ट मुद्दाम सांगते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहराची पहिली मोठी वस्ती आमच्या वाशीत उभी राहिली. खाडीअलीकडच्या चाळी सोडून माणसे पलीकडे आली, सेक्टरांच्या आकड्यांत संसार मांडते झाली. वाशीगाव आणि जुहूगाव ही आगरी-कोळ्यांची गावे शेजारीच; आणि मासळीची पाटी जिथे, तिथे मांजर आलेच. त्या वेळच्या इमारती आता थकल्या आहेत. सेक्टर ९ आणि १० मधल्या जेएन-१, जेएन-२ घरांच्या छतांचे गिलावे पडू लागले त्याला कित्येक वर्षे झाली. आता पुनर्विकासाचे वारे आहे. जुनी इमारत पाडायची, तीन-चार वर्षे भाड्याने राहायचे आणि परत यायचे ते लिफ्टच्या उंच घरात. उत्तमच आहे. गळक्या छताखाली राहा असे कोण म्हणेल?

पण टेम्पो येतो तेव्हा काय होते ते पाहावे. कपाटे जातात, देव्हारा जातो, तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन आजी पुढच्या सीटवर बसते. मांजर राहते. विचारले तर उत्तर ठरलेले: "अहो, मांजर माणसाला धरून नसतंच मुळी, ते घराला धरून असतं. त्याला इथेच बरं वाटेल." हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की ते सोसायटीच्या नियमावलीतच छापलेले असावे असे वाटू लागले आहे. मी म्हणते, क्षणभर हे खरे धरू. मांजर घराला धरून असते. पण बाईसाहेब, तुम्ही घरच तर पाडायला निघाला आहात! पत्र्याचे कुंपण पडेल, यंत्रे येतील, भिंती जातील. मग त्याने नेमके कशाला धरून राहायचे? आणि तेही दहा वर्षे वाटीत खाऊन ज्याचे दात झिजले, त्याने आता उंदीर मारून पोट भरायचे?

दुसरे उत्तर भाड्याच्या घराच्या मालकाचे. त्याला मांजर चालत नाही. ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. पण घर शोधताना ज्यांनी शाळा जवळ हवी, पार्किंग हवे, पूर्वाभिमुख दार हवे अशा अटी घातल्या, त्यांनी मांजराची अट एका तरी दलालाला सांगितली होती का?

अशा मांजरांना उचलून नेणारी माणसे आपल्या शहरात आहेत. बहुतेक बायका, दोन खोल्यांच्या घरात पंधरा पिंजरे लावलेल्या, स्वतःच्या पगारातून औषधे आणणाऱ्या, शेजाऱ्यांच्या शिव्या खाणाऱ्या. त्या मधूनमधून दत्तक मेळावे भरवतात. मी अशा मेळाव्यांत जाऊन बसले आहे. पिल्लांच्या टोपल्या दुपारच्या आत रिकाम्या होतात. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक ढवळी मांजरी अंग चोरून बसलेली असते. लोक येतात, वय विचारतात आणि पुढे सरकतात. संध्याकाळी ती आली तशी परत जाते.

हे असे पूर्वीपासूनच आहे असे समजू नये. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले. आणि १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळ कुणासाठी? दूध आटलेल्या गाई, मोडलेले बैल, कुणाच्याच उपयोगाची न उरलेली जनावरे यांच्यासाठी. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही एकोणिसाव्या शतकातले. त्या शेटजींना 'गोजिरवाणे' हा निकष सुचला नव्हता. तो आपला शोध आहे.

आणि संतांची नावे घेणाऱ्या आपण मंडळींनी तरी हे विसरू नये. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, नाथांनी तहानलेल्या गाढवाला काशीची गंगा पाजली. कुत्रा जातिवंत होता का, गाढव किती वर्षांचे, असा प्रश्न कथेत कुठे येत नाही. मांजराच्या वाट्याला पंढरपूरचा राका कुंभार आला. कच्च्या मडक्यात मांजरीने पिल्ले घातली होती आणि न कळत भट्टी पेटली, तेव्हा त्याने विठोबाचा धावा केला. कुणी म्हणेल, तिथेही पिल्लेच! कबूल. पण त्या पिल्लांच्या आईला राकाने काही हाकलून दिले नव्हते.

कायद्याचे सांगू? राज्यसभेत बसलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांचा छळ थांबवणारा कायदा झाला. उपासमार होईल अशा स्थितीत सबळ कारणाशिवाय जनावर टाकून देणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. एवढ्यात आज फुलबाज्यांची बरी पेटी येत नाही.

आता आक्षेप. "म्हातारं मांजर आणायचं, ते जगणार किती?" घरात नीट सांभाळलेले मांजर पंधरा वर्षे सहज जगते, काही विशी गाठतात. दहा वर्षांचे आणले तर पाच-सहा वर्षांची सोबत. तुमच्या धुलाई यंत्राची हमी याहून कमी असते, तरी तुम्ही ते घेता. उलट सत्तरीच्या आजोबांना विरंगुळा म्हणून दोन महिन्यांचे पिल्लू आणून देणाऱ्या मुलांचा हिशेब मला कळत नाही. पिल्लू अठरा वर्षे जगले तर आजोबा अठ्ठ्याऐंशीचे होतील. मध्येच काही झाले, तर ते मांजर कुठे जाईल? जिन्याखालीच ना?

"मुलांना पिल्लूच हवं असतं." मुलांना मी रोज पाहते. चार वर्षांचे मूल पिल्लाला कवटाळते, म्हणजे जवळजवळ पिळते. पिल्लू ओरबाडते, दोघेही रडतात. पिल्लू पडद्यावर चढते, जाळी नसलेल्या खिडकीतून खाली पडते. त्याच्या लशी, मग पुन्हा लशी, सहा महिन्यांचे होते न होते तोच शस्त्रक्रिया; ती टाळली तर नऊ आठवड्यांत घरात आणखी चार पिल्ले. शिवाय ते मोठेपणी कसे निघेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हाताऱ्या मांजराचा स्वभाव ठरलेला असतो. ते चावरे आहे की गरीब, मुलांत रमते की कोपऱ्यात, सांभाळणारी बाई तुम्हाला आधीच सांगेल.

"त्याला लळा लागत नाही." आमच्या घरी आली ती मांजरी अकरा-बारा वर्षांची असावी, असे डॉक्टरांनी दात पाहून सांगितले. शेजारचे म्हणाले, "वहिनी, आणायचं तर पिल्लू आणायचं! हे काय पेन्शनर आणलंत?" सासूबाईंनी तिचे नाव मावशी ठेवले, वाघाची मावशी, आणि वयानेही मावशीच. नऊ दिवस ती कपाटाखालून निघाली नाही. रात्री जेवायची, सकाळी रिकामी ताटली दिसायची. दहाव्या रात्री मी लिहीत असताना आली आणि हस्तलिखितावर बसली. ते प्रकरण अजून पुरे झालेले नाही. सासूबाई दुपारी पोथी वाचतात तेव्हा ती त्यांच्या पायांशी असते; त्या गावी गेल्या तेव्हा दोन दिवस दाराकडे तोंड करून बसली होती. लळा नाही तर याला काय म्हणायचे, ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

आजारपणाचा आक्षेप मात्र मी मानते. म्हाताऱ्या मांजराची मूत्रपिंडे थकतात. ते एकाएकी फार पाणी पिऊ लागले तर डॉक्टरांकडे न्यावे. दात दुखतात, सांधे आखडतात, वर्षातून एकदा रक्त तपासावे लागते. त्याच्या वाळूच्या ट्रेला एका बाजूने कड बुटकी असावी. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. आपली प्रेमाची वाटी त्याला जुलाबाची होते. आणि ते लंगडते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते. नवे आणलेले मांजर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे, त्याचे जुने फडके सोबत असावे, आणि पाहुण्यांना बोलावून दाखवू नये. खर्च आहे, खोटे कशाला बोलू? पण पर्शियन पिल्लाला मोजलेल्या पैशांत पुष्कळ रक्ततपासण्या होतात. आणि चपट्या नाकाच्या त्या बिचाऱ्याचा श्वास, डोळे, गुंतणारे केस यांचा खर्च पुढे आहेच.

सोसायटीत चालत नाही, असे म्हणणाऱ्या सेक्रेटरींसाठी एक माहिती: सभासदांना पाळीव जनावर ठेवण्यास सोसायटीने बंदी करू नये, बहुमतानेही करू नये, अशा सूचना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच काढल्या आहेत.

आमच्या समोरच्या इमारतीची पुनर्विकासाची सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. विषयपत्रिका फळ्यावर लागली आहे: भाडे, दलाली, सामान हलवण्याचा खर्च, चाव्या देण्याची तारीख. मी सेक्रेटरींना चिठ्ठी पाठवली आहे. तळमजल्यावर तीन मांजरे आहेत, दुसऱ्या मजल्यावर एक, आणि पंपाच्या खोलीपाशी एक जुना बोका, ज्याला सगळे मजले मिळून जेवू घालतात. कोणते मांजर कुणाबरोबर जाणार ते नावानिशी लिहावे, आणि उरतील त्यांच्यासाठी चाव्या देण्याच्या तारखेआधी घर शोधावे, असा विषय घ्या, म्हणून कळवले आहे. बोक्याला कुणी नसेल तर आमच्याकडे जागा आहे. मावशीचे मत अजून विचारलेले नाही.