रक्ताचा ओघ आणि खेळाचा तास

परीक्षा जवळ आली कीं बहुतेक घरांत पहिली गदा येते ती मुलांच्या खेळावर. मैदान बंद होतें, शिकवणीचा तास वाढतो. आणि त्यामुळें शरीराचें कांहीं बिघडत नाहीं, उलट त्याला विश्रांतीच मिळते, असें समाधान पालक मानून घेतात. शरीर कष्टानें झिजतें व विश्रांतीनें टिकतें, ही समजूत या समाधानाच्या मुळाशीं आहे. धमन्यांच्या रोगासंबंधीं आज जें ज्ञान उपलब्ध आहे, तें मात्र या समजुतीच्या विरुद्ध साक्ष देतें.

आपलें हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें. प्रत्येक ठोक्याबरोबर धमनीच्या भिंतीवर दोन प्रकारचे जोर पडतात. एक भिंतीला बाहेर ढकलणारा. यालाच आपण रक्तदाब म्हणतों. दुसरा, रक्त पुढें सरकतांना भिंतीला जें घासून जातें त्याचा. हा दुसरा जोर पहिल्याच्या मानानें अत्यंत सूक्ष्म. पण त्याचा प्रभाव थोर आहे.

धमनींत मेद सांचून ती अरुंद होते, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तो मेद सर्वत्र सारखा कां सांचत नाहीं? जें रक्त एका ठिकाणीं वाहतें तेंच सर्व शरीरांत फिरतें. मग रोग ठराविक जागींच कां? पूर्वीं कित्येकांचा तर्क असा होता कीं, जेथें प्रवाह जोरानें घासतो तेथें भिंत जखमी होते व रोग जडतो. इ. स. १९६९ मध्यें लंडन येथील कॅरो व त्यांचे सहकारी यांनीं याच्या अगदीं उलट गोष्ट दाखवून दिली. रोगाचा आरंभ जेथें घर्षण कमी, तेथें होतो. जेथें धमनीला फांटा फुटतो किंवा ती वळण घेते, तेथें एका बाजूला प्रवाह मंदावतो, घोटाळतो, क्षणभर मागेंही फिरतो. आणि मेदाचा थर धरतो तो तेथेंच.

कोंकणांत ज्यांचें आजोळ आहे त्यांनीं नदीच्या वळणावर, पाणी संथ होतें त्या बाजूला, वाळू सांचलेली पाहिली असेल. दृष्टान्त सोयीचा आहे, पण अपुरा. कारण धमनी हा निर्जीव पाट नव्हे. तिला आंतून एकाच पेशीच्या जाडीचें जिवंत अस्तर आहे. प्रवाह वेगवान व एकमार्गी असला म्हणजे या पेशी त्याच्या दिशेनें लांबट होऊन शिस्तीनें बसतात, आणि नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु निर्माण करून धमनी सैल व निरोगी राखतात. प्रवाह घोटाळला कीं त्यांची शिस्त मोडते, अस्तर गळकें होतें, कोलेस्टेरॉलचे कण भिंतींत शिरतात, आणि ते गिळण्यास धांवलेल्या रक्षक पेशीच मेदानें फुगून तेथें अडकतात. वर्षानुवर्षें हा थर वाढतो. एके दिवशीं त्याचें कवच फुटून रक्ताची गुठळी होते, व हृदयविकाराचा झटका येतो.

रक्तदाबाचाही वांटा मोठा आहे. शिरांत दाब कमी, म्हणून त्यांना हा रोग सहसा होत नाहीं; पण पायाची तीच शीर बायपास शस्त्रक्रियेंत धमनीच्या जागीं जोडली म्हणजे तिलाही होऊं लागतो. या दाबाविरुद्धच्या लढ्यांत आपल्या परळचें नांव अभिमानानें घ्यावें असें आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो याविषयींचा आपला अनुभव इ. स. १९४९ मध्यें ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, व त्याकडे सर्व जगाचें लक्ष वेधलें. इ. स. १९५७ मध्यें त्यांना लास्कर पारितोषिक मिळालें. आज त्या मुळीची जागा दुसऱ्या औषधांनीं घेतली आहे. परंतु दाब वेळींच ओळखून उतरविला पाहिजे, हा धडा कायम आहे.

हें सारें वृद्धांचें दुखणें, विद्यार्थ्यांना त्याचें काय, असें कोणी म्हणेल. इ. स. १९५३ मध्यें कोरियाच्या युद्धांत पडलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय अवघें २२. तरी सुमारें तीनचतुर्थांशांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाचीं चिन्हें होतीं. मेदाच्या पहिल्या रेघा तर शाळकरी वयांतच उमटूं लागतात. आपल्या देशांत हृदयविकार पाश्चात्यांपेक्षां लौकर वयांत गांठतो, हें लक्षांत घेतां ही उपेक्षा आपल्याला परवडणारी नाहीं.

धमनीचे फांटे व वळणें जन्मजात. तीं कोणालाही बदलतां येत नाहींत. त्यांतून वाहणारा ओघ मात्र बदलतां येतो. धांवतांना हृदय विश्रांतीच्या चौपट रक्तही पुढें लोटतें. पोटांतील महाधमनीच्या ज्या भागांत बसल्या जागीं प्रवाह मागें फिरतो, तेथें पायांचा व्यायाम सुरू होतांच तो सरळ वाहूं लागतो. म्हणजे ज्याला आपण झीज म्हणतों, तीच अस्तराची मशागत आहे. केवळ व्यायामानें सर्व साधेल असें नाहीं. तंबाखू, मधुमेह व वाढलेला दाब यांना आवर घालावाच लागेल. पण व्यायामाला पर्याय नाहीं.

लालबाग-परळच्या गिरण्या गेल्या, गिरगांवच्या चाळींच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. जिन्यांची चढउतार पाळण्यानें हिरावली. पूर्वीं जे श्रम आपोआप घडत, ते आतां ठरवून करावे लागतील. जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठीं दररोज सरासरी ६० मिनिटांची चांगली हालचाल सांगते. म्हणून शाळांनीं खेळाचा तास गणिताच्या तासाइतकाच अभंग मानावा, आणि पालकांनीं परीक्षेच्या महिन्यांतही संध्याकाळचा एक तास मुलांना मोकळा सोडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं जो आज शिवाजी पार्कावर घाम गाळीत आहे, तो वेळ वायां घालवीत नाहीं. पन्नाशीची बेगमी तो आजच करून ठेवीत आहे.