डॉल्बी पुरे, बँड वाजू द्या



बेळगावच्या फातिमा कॅथेड्रलमध्ये ईस्टरला नुसत्या फुंकीच्या वाद्यांचा कार्यक्रम व्हावा आणि त्यात आपल्याकडची बँडवाली पोरं असावीत, असं आम्ही गेल्या मिटिंगला बोललो. दोघे-तिघे हसले. एकजण म्हणाला, "अण्णा, ईस्टर त्यांचा. आपलं काय त्यात?"

आपलं बरंच आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात ख्रिस्ती माणूस शुक्रवारी मटण खात नाही, पण मासा चालतो. येशूचे पहिले शिष्य जाळं टाकणारेच होते. पुनरुत्थानानंतर तो त्यांना भेटला तोही तळ्याच्या काठावर. रात्रभर जाळं रिकामं. मग उजव्या बाजूला टाका म्हणाला, तर १५३ मासे लागले आणि जाळं फाटलं नाही. रिकाम्या जाळ्याची रात्र आपल्याइतकी कुणाला कळणार?

तारीखसुद्धा चंद्रावर ठरते. २१ मार्चपासून पुढची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा हनुमान जयंती २ एप्रिलला झाली आणि ईस्टर ५ ला.

आता बँडचं. गुरुवारच्या रात्रीपासून चर्चची घंटा गप्प असते. शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेत ती पुन्हा वाजते. एवढ्या शांततेनंतर उंच छताखाली ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजले तर स्पीकर लागत नाही. माणसाचा दम पुरतो. गोव्यात चर्चच्या शाळांत पोरं स्वरलिपी शिकली आणि त्यातलीच पुढं मुंबईच्या सिनेमात वाजवायला गेली. बेळगावात तर मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. लष्करी बँड आपल्याला नवा नाही.

पण आपल्या पोरांचं काय चाललंय? उन्हाळ्यात पाणी आटतं, जाळ्याला चिलापीशिवाय काही लागत नाही, तेव्हा लग्नसराईतला बँड घर चालवतो. आता वरातीत डॉल्बी आला. वीस जणांच्या हातचं काम एका ट्रॅक्टरवर गेलं. चांगले वाजवणारे कर्णे माळ्यावर टाकून गवंड्याच्या हाताखाली जातात. तरण्या पोरांना डॉल्बी आवडतो, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यानं खिडक्या हादरतात, म्हातारी माणसं कानात बोटं घालतात, आणि पैसा बाहेरगावी जातो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पहिलं, आपल्या गंगापूजनाच्या मिरवणुकीत यंदा डॉल्बी नको, बँडच सांगायचा. दुसरं, पुढच्या ईस्टरसाठी चर्चच्या फादरांना सोसायटीच्या लेटरहेडवर विनंती करायची. ते नाही म्हणाले तर नाही, पण विचारायला काय जातं?

वाजवणारा हिंदू, ऐकणारा ख्रिस्ती, असं कर्ण्याला कळत नाही. ज्यांच्या घरात वाद्य पडून आहे त्यांनी पुढच्या मिटिंगला घेऊन यावं. वाजतंय का ते आधी बघू.