वॅटचा गवगवा, लिटरचा विसर

लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्के व त्यावरील अधिभाराऐवजी 18 टक्क्यांवर आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या मोटारींना मिळालेल्या या सवलतीने मध्यमवर्गीय ग्राहकाला दिलासा मिळाला. नवी मोटार दारात उभी राहिली की हौशी मालकाची पावले ॲक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतात, आणि तेथे सबवूफरची चौकशी हमखास होते. दुकानातील खोक्यांवर हजार-दोन हजार वॅटचे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. सबवूफर ज्या पेटीत बसवायचा, ती आतून किती लिटरची असावी, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वास्तविक मोटारीतील खर्जाचा दर्जा वॅटच्या आकड्यापेक्षा या लिटरच्या आकड्यावर अधिक अवलंबून असतो.

यामागील शास्त्र फारसे क्लिष्ट नाही. बंद पेटीत कोंडलेली हवा स्पीकरच्या पडद्यामागे स्प्रिंगसारखे काम करते. पेटी जितकी लहान, तितकी ही स्प्रिंग ताठ. पेटीचे आकारमान निम्मे केले, की हवेचा ताठरपणा दुप्पट होतो. पडद्याची नैसर्गिक कंपनसंख्या त्यामुळे वर सरकते आणि तिच्याखालचा खर्ज झपाट्याने, म्हणजे दर सप्तकाला 12 डेसिबलने, उतरू लागतो.

उदाहरणादाखल मोकळ्या हवेत 30 हर्ट्झला कंप पावणारा एक सबवूफर घेऊ. त्याच्या पडद्याची लवचीकता 60 लिटर हवेइतकी आहे, असे मानू. हा सबवूफर 60 लिटरच्या बंद पेटीत बसवला, तर ती कंपनसंख्या 42 हर्ट्झ होते. 30 लिटरच्या पेटीत 52 आणि 15 लिटरच्या पेटीत थेट 67 हर्ट्झ. सबवूफर तोच, ॲम्प्लिफायरही तोच; पण छोट्या पेटीत खोल खर्ज नाहीसा होऊन त्याच्या वरच्या पट्टीत एक उंचवटा तयार होतो. तबल्याच्या डग्ग्याची घुमार ऐकू येण्याऐवजी प्रत्येक ठोका सारखाच 'धब्ब' वाजू लागतो, तो यामुळेच.

पेटीला पोर्ट, म्हणजे नळीसारखे तोंड दिले, तर ठरावीक कंपनसंख्येभोवती अधिक जोरकस खर्ज मिळतो. तथापि, अशा पेटीला सहसा जागा अधिक लागते. शिवाय त्या कंपनसंख्येच्या खाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही आणि आवाज दर सप्तकाला 24 डेसिबलने घसरतो. पेटीचे माप चुकले, तर हा पडदा भलताच हेलकावतो आणि महागडा सबवूफर निकामी होऊ शकतो.

हे गणित नवे नाही. अमेरिकेत एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी 1954 मध्ये कोंडलेल्या हवेच्या स्प्रिंगचा जाणीवपूर्वक उपयोग करणारा लहान स्पीकर बाजारात आणला. पुढे क्लॉस यांचेच सहकारी अँटन हॉफमन यांच्या नावाने एक 'पोलादी नियम' प्रसिद्ध झाला: खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या पूर्वार्धात या नियमाला काटेकोर सूत्रांचे रूप दिले. त्यांनुसार खर्जाची खोली कायम ठेवून पेटी निम्मी केली, तर कार्यक्षमताही निम्मी होते. त्याच पेटीतून एक सप्तक खाली उतरायचे ठरवले, तर ती एक-अष्टमांशावर येते. खोक्यावरील हजारो वॅटचे रहस्य इथे उलगडते. लहान पेटीतील तूट भरून काढण्यासाठी मोठी वीज ओतावी लागते आणि तिचा भार मोटारीच्या बॅटरीवर व अल्टरनेटरवर पडतो.

लहान पेटीचा आग्रह ग्राहकाने हट्टाने धरलेला नसतो, हेही खरे. बहुतेक हॅचबॅकची डिकी साधारणतः 200 ते 350 लिटरची. त्यात सीएनजीची टाकी असेल, तर उरते ती फटच. टाकी एकाऐवजी दोन लहान नळकांड्यांत विभागून डिकीच्या तळाशी बसवण्याची योजना टाटा मोटर्सने 2023 मध्ये बाजारात आणली, ती याच अडचणीवर तोडगा म्हणून. परिणामी सीटखाली सरकणाऱ्या चपट्या सबवूफरची चलती आहे. त्यांतून आवाजाला भरीवपणा येतो. परंतु खोल खर्जाची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवणे व्यर्थ होय. पेटीच्या बाहेरच्या मापावरही विसंबता येत नाही. आतून 40, 30 आणि 25 सेंटिमीटर असलेली पेटी 30 लिटरची. पण 18 मिलिमीटर जाडीच्या फळ्या धरल्यास ती डिकीतील सुमारे 42 लिटर जागा व्यापते. सबवूफरचे चुंबक आतील जागा खाते, ते वेगळेच.

मोटारीचा एक फायदा मात्र लहान बंद पेटीच्या बाजूने आहे. बंद काचांची केबिन हीसुद्धा एक पेटीच असते. तिची लांबी तीन मीटर धरली, तर साधारण 57 हर्ट्झच्या खाली केबिनमधील हवेचा दाब एकसंधपणे वर-खाली होऊ लागतो आणि खर्जाला आपोआप उठाव मिळतो. बंद पेटीची उतरती बाजू त्यामुळे बऱ्याच अंशी सावरली जाते. योग्य मापाची मध्यम पेटी आणि माफक वॅट एवढ्यावर मोटारीत समाधानकारक खर्ज मिळतो, तो यामुळे. काचा खाली केल्या किंवा डिकी उघडी ठेवली, की हा लाभ संपतो. मग मालकाचा हात आवाजाच्या बटणाकडे जातो.

येथून हा विषय खासगी हौशीपुरता राहत नाही. मोटारीचा पत्रा आणि काचा गाण्यातील उंच स्वर बऱ्यापैकी अडवतात. खर्ज मात्र त्यांतून सहज पार होतो. पादचाऱ्याला वा दुसऱ्या मजल्यावरील रुग्णाला शब्द ऐकू येत नाहीत, केवळ धडधड जाणवते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. परंतु हे मोजमाप 'ए' श्रेणीतील आहे. या श्रेणीत 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा होतात. म्हणजे या पट्टीतील 85 डेसिबलचा दणका मोजणीयंत्रावर 55 दिसतो आणि दिवसाच्या मर्यादेत बसतो.

मंद आवाजात मानवी कान खर्जाला कमी दाद देतो, या निरीक्षणावर ही श्रेणी बेतलेली आहे. आवाज चढत जातो, तशी कानाची ही उदासीनता कमी होते. ज्या आवाजात खर्ज प्रबळ आहे, त्याची पातळी 'ए' श्रेणीमुळे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शक सूचनांतच नमूद केले होते. तरीही खिडकीच्या काचा थरथरत असताना यंत्रावरचा आकडा निर्दोष राहू शकतो, आणि तक्रारदाराच्या हाती काही उरत नाही.

दुकानदार वॅट मोजतो आणि नियम 'ए' श्रेणीतले डेसिबल मोजतात. खर्ज मात्र दोन्ही मोजपट्ट्यांतून निसटतो. सबवूफरसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात शिफारस केलेले पेटीचे आतील आकारमान पाहणे आणि तेवढी जागा डिकीत आहे का, हे आधी तपासणे ग्राहकाच्या हातात आहे. जागा नसेल, तर लहान सबवूफर घेणे हे मोठा सबवूफर छोट्या पेटीत कोंबण्यापेक्षा शहाणपणाचे. खर्ज वेगळा मोजण्याची तरतूद करणे मात्र सरकारच्याच हातात आहे. ती होत नाही, तोवर मालकाचा पैसा आणि शेजाऱ्याची झोप, दोन्हींची नासाडी नियमात राहूनच होत राहील.