इर्शाळवाडी यादीत का नव्हती?

पावसाळा तोंडावर आला की तालुक्यातालुक्यात एक यादी फिरते, दरडप्रवण गावांची. वाडीवर नोटिसा येतात, 'जोराचा पाऊस लागला तर शाळेत जाऊन राहा' असं सांगितलं जातं. ज्या गावाचं नाव यादीत असतं तिथे धाकधूक, ज्याचं नसतं तिथे निवांतपणा. आम्हाला जास्त भीती वाटते ती या निवांतपणाची.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ४८ कुटुंबं, २२८ माणसं. २७ मृतदेह मिळाले, ५७ जणांचा पत्ताच लागला नाही आणि शोध थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी सरकारने विधिमंडळात सांगितलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

मग भूवैज्ञानिक चुकले का? इतकं सोपं नाही ते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशभरातल्या डोंगराळ भागाचा दरडींचा नकाशा करायला घेतला. उतार किती तीव्र, खडक कोणता, त्यावर माती किती जाड, ओढे कुठून वाहतात, जुन्या दरडींच्या खुणा कुठे आहेत, हे सगळं पाहून डोंगराला जास्त, मध्यम, कमी धोका असे रंग दिले जातात. काम मोलाचंच आहे. पण या नकाशाचं प्रमाण आहे एकास पन्नास हजार, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. इर्शाळवाडीएवढी वाडी त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी होणार! शिवाय धोका कुठे आहे हे नकाशा सांगतो. कधी, ते नाही. आणि मागच्या महिन्यात कुणी घरामागचा डोंगर कापला, हे तर त्यात येणारच नाही.

हे कापणं किती महागात पडतं ते समजायला सह्याद्रीची रचना पाहावी लागेल. खाली काळा कातळ, त्यावर झिजलेला मुरूम, वर माती. दोन-तीन दिवस पाऊस थांबला नाही की पाणी मुरत जातं, कातळापाशी अडतं आणि तिथेच साचून दाब धरतं. मातीचे कण एकमेकांना धरून असतात, ती पकड या दाबाने सुटते. वरचा थर भिजून जड झालेला असतोच. इर्शाळवाडीच्या भागात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा वेळी उताराला टेकू असतो तो फक्त पायथ्याचा.

आणि तो पायथाच आपण काढून घेतो. महाड, म्हसळा, मंडणगड, खेड, कुठेही जाऊन पाहा. आखातातून पैसा आला, दुमजली घर हवं, दारात गाडी वळली पाहिजे, म्हणून जेसीबी लावून मागची बाजू भिंतीसारखी उभी कापली जाते. संरक्षक भिंत बांधली तरी तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवलेली नसतात. पाणी मागे तुंबतं आणि ती भिंतच माणसांवर येते. बांधणारा मुलगा दोहा-दुबईत, घरात म्हातारे आई-वडील आणि लहान मुलं. मुंब्र्यासारख्या ठिकाणी डोंगराला चिकटून राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. परवडणारं दुसरं घर मिळालं असतं तर ते तिथे राहिले नसते, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

डोंगर बऱ्याचदा आधी खुणा देतो. उतारावर कमानीसारखी भेग पडते. झाडं, विजेचे खांब कलतात. घराची दारं अचानक घट्ट बसायला लागतात. झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होतं, नाहीतर नवीनच ठिकाणी पाझर फुटतो. यातलं काही दिसलं, तर यादी बघत बसू नये. माणसं हलवावीत आणि तहसीलदारांना लगेच कळवावं. आयाबायांच्या नजरेला हे आधी पडतं, पाणी त्याच भरतात ना. घरातल्या पुरुषांनी त्यांचं ऐकावं, एवढं आम्ही हक्काने सांगतो.

सरकारकडेही मागायला हवं. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक असतात, पण त्यांचं मूळ काम पाण्याचं. दरडींसाठी तालुक्याला एक तरी भूवैज्ञानिक का नको? आणि ज्यांची नावं यादीत आहेत त्यांना दर पावसात शाळेत झोपवायचं, हे किती वर्षं चालणार? जागा द्यायची तर शेत आणि गुरं गाठता येतील अशी द्या, नाहीतर उन्हं पडताच लोक परत डोंगराखाली येणार.

गावकऱ्यांनी आपल्या उताराची तपासणी मागण्याचा ठराव १ मेच्या ग्रामसभेतच घ्यावा. महाडजवळचं दासगाव २५ जुलै २००५ ला, माळीण ३० जुलै २०१४ ला, तळीये २२ जुलै २०२१ ला आणि इर्शाळवाडी १९ जुलैला गाडली गेली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय काढून काही उपयोग नाही.